हळदीच्या शेडमधलं अकरावं जग

त्या कॉमिक मालिकेचा शेवटचा अंक आला तेव्हा जगातली निम्मी माणसं जेवली नाहीत, असं माझं ठाम मत आहे. उरलेली निम्मी रागारागाने जेवली, आणि दुप्पट जेवली. माझ्या फोनवर चाहत्यांचा एक गट आहे, तिथे तर तीन दिवस नुसता आकांत होता. एकाने लिहिलं, की त्याने कुत्र्याला हिरोचं नाव ठेवलंय आणि आता त्याला कुत्र्याच्या डोळ्याला डोळा भिडवता येत नाही. दुसऱ्याने सगळे अंक जाळल्याचा फोटो टाकला. फोटो मोठा करून पाहिला तर जळत होती रद्दी, अंक मागच्या कपाटात सुखरूप होते. तिसरा म्हणाला, असा थोर शेवट हजार वर्षांत झाला नाही. त्याच्यावर बाकीचे असे तुटून पडले, की तो गट सोडून गेला, परत आला, आणि पुन्हा सोडून गेला.

मी तरी मागे कशाला राहतो? शब्दकोश मांडीवर घेऊन, दोन कप चहा पिऊन, मी इंग्रजीत एक जळजळीत मजकूर लिहिला. त्याचा मराठीतला अर्थ असा: 'इतकी माणसं मारताना लेखकाचा हात थरथरला कसा नाही? ज्याला माणसं सांभाळता येत नाहीत त्याने ती जन्माला घालू नयेत.' त्या मजकुराला सात जणांनी अंगठा दिला. त्यातला एक माझा साडू होता, पण सहा परके होते, हे महत्त्वाचं.

ज्यांना ही मालिका ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एकच माणूस, पण जगं दहा. एका जगात तो उडतो, दुसऱ्यात दिसेनासा होतो, तिसऱ्यात राजा आहे, चौथ्यात फरार. असं करत करत दहाव्या जगात तो अगदी तुमच्या-आमच्यासारखा, काहीच येत नसलेला. जगाजगांमध्ये दारं आहेत आणि त्यातून हे दहा जण एकमेकांकडे येतात, भांडतात, रडतात. शेवटी सगळी जगं एकमेकांवर आदळायला लागतात आणि कळतं, की एकच टिकू शकतं. मग नऊ जण आपापलं जग आपल्या हाताने विझवतात. शेवटच्या पानावर तो दहावा, काहीच न येणारा, एका छोट्या हॉटेलात टेबल पुसत उभा आहे. संपलं. आठ वर्षं वाट पाहून टेबल पुसणं हाती आलं.

आता माझ्याविषयी. मी शिरड शहापूरच्या बाजूला शाळेत गुरुजी आहे. बोलतो जरा जास्त. वहिनी म्हणते, भाऊजींच्या गप्पांत सापडू नये म्हणून औंढ्याची एसटी वेळेच्या आधी सुटते. मी खोटं बोलतो असं मात्र तिने कधी म्हटलं नाही. निदान त्या शनिवारपर्यंत तरी.

वहिनीची हळदीची शेड आहे. हळद शिजून, वाळून, ड्रममध्ये घासून झाली की बायका ती निवडायला बसतात. लांब कांडी एकीकडे, गोल गट्टू एकीकडे, किडकी तिसरीकडे. हात चालू असतात आणि कान रिकामे. रिकामा कान दिसला की मला राहवत नाही. शिवाय ती मालिका इंग्रजीत, गावात ती वाचणारा मी एकटा. इतकं मोठं युद्ध पोटात घेऊन एकट्याने हिंडायचं तरी कसं? म्हणून हिंगोलीहून पार्सल आलं, की सुट्टीच्या दुपारी मी शेडमध्ये पोत्यावर बसायचो आणि अंक समोर धरून मराठीत वाचून दाखवायचो. बायकांना चित्रंही दाखवायचो. त्यांना उडणाऱ्या माणसाचं फार कौतुक वाटलं नाही. एवढा घट्ट कपडा घालून हा जेवायला बसतो कसा, हा त्यांचा पहिला प्रश्न.

दुसरा प्रश्न मावशीचा. मावशी म्हणजे निवडणाऱ्या बायकांची मुकादम. शेजारच्या बंजारा तांड्यावरची, साठीची, हातातली कांडी अर्धी मोडून आतला रंग पाहिला की त्या हळदीचं शेत कुणाचं ते सांगणारी. तिने पहिला अंक शेवटपर्यंत ऐकला आणि विचारलं, "गुरुजी, हे लोक खातात काय?"

"म्हणजे?"

"दहा जगं सांगितली तुमी. एका बी जगात कोणी पेरून न्हाई राहिलं. कोणी काढून न्हाई राहिलं. नुसती मारामारी. मंग जेवतात कवा न काय?"

उत्तर न येणं ही माझ्या घराण्यात चालत आलेली गोष्ट नाही. मी म्हणालो, "मावशी, अकरावं जग आहे ना. ते पुढच्या अंकात येतंय."

पुढच्या अंकात अर्थातच काही आलं नाही. पण मी बोललो होतो, म्हणून ते आलं. अकराव्या जगात रान होतं, पिकं होती, आणि बाकीच्या दहा जगांचं धान्य तिथूनच जात होतं. मावशी म्हणाली, "जात होतं म्हणजे? कोण नेतं? दारं हायेत तं हायेत, गोण्या का आपोआप चालत जातात? आमचे आजे-पणजे बैलांवर मीठ लादून मुलुख पालथे घालायचे. जितं मुलुख जादा, तितं तांडा लागणार म्हणजे लागणार."

त्यापुढच्या रविवारी अकराव्या जगात तांडा आला. त्याचा एक नायक, म्हणजे तांड्याचा मुखिया, आला, पांढऱ्या मिशांचा, बैलांच्या कानात बोलून त्यांना दारांतून पार नेणारा. हिरो लोकांना जिथे पोचायला अर्धा अंक लागायचा, तिथे नायकाचे बैल घंटा वाजवत आधीच उभे असायचे. तो काय नेसतो, बैलांना काय हाका मारतो, मुक्काम कुठे करतो, हे सगळं मावशी विचारायची आणि विचारता विचारता सांगून टाकायची. मी फक्त अंकात बोट घालून म्हणायचो, "बराबर, इथं तेच लिहिलंय." हळूहळू असं झालं, की मी उडणाऱ्या माणसावर आलो की बायका म्हणायच्या, ते राहू द्या गुरुजी, तांडा कुठवर आला ते सांगा.

आणि मग मी तो नायक मारला.

हे मला नीट सांगितलं पाहिजे, कारण ते मी बरेच दिवस लपवून ठेवलं होतं. दोन वर्षांपूर्वी ती मालिका मध्येच रखडली. महिनोन् महिने अंक नाही. मी जुनाच अंक समोर धरून स्वतःच्या पदरचं वाचत राहिलो. एका दुपारी बायका एका लग्नाच्या बोलण्यात गढल्या होत्या. पंगतीत भात कमी पडला होता आणि वरमाई उठून गेली होती. मी दोनदा खाकरलो. आवाज वाढवला. एका राक्षसाला दोन डोकी जास्त लावली. कोणी वळून पाहीना. तेव्हा मी तिसऱ्या आणि चौथ्या जगामधलं दार बंद व्हायला लावलं, आणि शेवटचे बैल पार होईपर्यंत ते दार पाठीवर तोलून धरायला नायकाला उभं केलं. बैल गेले. दार पडलं. कोणी ऐकत नव्हतं, म्हणून मी माणूस मारला.

सगळ्या जणी लग्न सोडून माझ्याकडे वळल्या. मला आत कुठेतरी गुदगुल्या झाल्या, हेही कबूल करतो. मग मावशी म्हणाली, "गुरुजी, बदलता येत न्हाई का हे?"

"मावशी, छापलंय. मी नुसता वाचणारा. माझ्या हातात काय आहे?"

"लिहिणारा लई दगडाच्या काळजाचा हाये."

"फारच," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी वहिनीने शेडवर शिरा केला होता. मावशीने घेतला नाही. म्हणाली, आज गोड नको. तिच्याकडे बघून बाकीच्या बायकांनीही नाही घेतला. मी दोन वाट्या खाल्ल्या, कारण शिरा वाया जाणं मला पाहवत नाही. पण त्याची चव मला आजही आठवत नाही, आणि मला वीस वर्षांपूर्वीच्या भज्यांचीसुद्धा चव आठवते.

तर असा हा शेवटचा अंक गुरुवारी शाळा सुटल्यावर घेऊन मी शेडमध्ये गेलो. त्या दिवशी मी इमानदारीने वाचला. नऊ जगं एकेक करून विझवली. हॉटेलात टेबल पुसलं. अंक मिटला.

कोणी उठेना. एक म्हातारी म्हणाली, "पुढचं वाचा."

"संपलं आजी."

"असं कसं संपलं? मरणावर पोथी थांबवत न्हाईत. देवळात तुमी ऐकलं न्हाई का कधी? कोणी मेलं तं पुढं पाळणा येईस्तोवर वाचतात, न्हाई तं राज्याभिषेक. मधी बंद केली तं ऐकणाराला बाधतं."

"ही पोथी नाही, आजी."

"आठ साल बसून ऐकली, मंग पोथीच झाली ना ते."

मावशीने वेगळंच विचारलं. "आन आपलं जग? ते विझलं का राहिलं?"

मी म्हणालो, ते बघावं लागेल, छपाईत काही पानं कमी आली असतील. हे वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं ते मला माहीत नाही. तोंडाला सवय आहे. मावशी मान हलवून म्हणाली, "बघून ठेवा. रविवारी माही नात येऊन राहिली नांदेडहून. कॉलेजात इंग्रजी शिकते. तिला म्या कवाचं सांगून ठेवलं, इंग्रजी पुस्तकात आपला तांडा हाये म्हणून. तिला खरं न्हाई वाटत. म्हणते, आजी, आपलं कोण छापतं. म्हणलं ये तू, गुरुजींकडून पुस्तक घेते न तुह्याच तोंडानं वाचून घेते. तांड्यावर बी समद्यांना सांगितलं म्या."

त्या दोन दिवसांत मी जे सोसलं ते दहा जगांतल्या दहाही हिरोंनी सोसलं नसेल. मी काय काय योजलं ते सांगतो. पहिली योजना, अंक पावसात भिजले म्हणायचं; पण बाहेर ऊन असं, की सावली बघायलासुद्धा सावलीत उभं राहावं लागेल. दुसरी, ताप येणं. तिसरी, बदली. शुक्रवारी वर्गात फळ्यावर भागाकार मांडता मांडता मला दिसलं, की यातल्या कुठल्याही योजनेत मी सुटतो, मावशी मात्र नातीसमोर तशीच हात हलवत उभी राहते. तिचा शब्द तिच्या घरात खोटा पडणार होता, आणि तो तिने माझ्या भरवशावर दिला होता.

शनिवारी सकाळची शाळा असते. सुटली तसा शेडवर गेलो. मावशी एकटीच होती, बाकीच्या भाकरी खायला आंब्याखाली गेल्या होत्या. वहिनी आत पोती शिवत होती. मी पोत्यावर न बसता खाली जमिनीवर बसलो आणि सगळं सांगितलं. अकरावं जग पुस्तकात नाही. तांडा नाही. बैल नाहीत. मी सांगत गेलो. अर्धं माझं, अर्धं तुमचं.

मावशी निवडतच राहिली. कांडी, गट्टू, गट्टू, कांडी. मग तिने न बघता विचारलं, "नायकाला कोणी मारलं?"

इथे माझ्याजवळ बोलायला शब्द होता, पण तो एकच होता. "मी."

"काहून?"

"कोणी ऐकत नव्हतं त्या दिवशी. तुमचं लग्नाचं बोलणं चाललं होतं."

आत सुईचा आवाज थांबला. वहिनी म्हणाली, "भाऊजी, म्या तवा पातेलंभर शिरा परत नेला होता." बस, एवढंच. सुई पुन्हा सुरू झाली.

मला माझाच फोनवरचा मजकूर आठवला. ज्याला माणसं सांभाळता येत नाहीत वगैरे. सात अंगठे. मी घाईने म्हणालो, "मावशी, त्याला परत आणू. अवघड नाही. दार पडलं पण तो दुसऱ्या जगात निघाला, असं करू. सगळे करतात. जगभरचे लोक तेच मागून राहिलेत."

"उगं बसा," मावशी म्हणाली. "मेला तो मेला. दोन सालं त्याला धरून बसलो आमी. माह्या घरचा माणूस गेला त्याच साली, तवा मी नायकाचंच नाव घेऊन रडायची, पोरांसमोर आपल्या माणसाचं घेता येत न्हाई म्हणून. आता तुमी त्याला जिता करता? मंग ते रडणं कुठं ठेवू?"

तिचा नवरा त्याच वर्षी गेला, हे मला माहीत होतं. मी दहाव्याला जाऊनही आलो होतो. पण या दोन गोष्टी माझ्या डोक्यात कधी शेजारी बसल्या नव्हत्या.

एक किडकी कांडी बाजूला टाकून ती म्हणाली, "नातीला मी काय सांगू ते मी पाहीन. तुमी एक करा. आपल्या जगाचं काय झालं ते लिहून आणा. वहीत. तोंडी न्हाई, तोंडाचा तुमच्या भरोसा न्हाई. आन कोणाला बी मारू नका."

मी शाळेची दोनशे पानी वही घेतली. आयुष्यात इतकं लिहिलेलं नव्हतं. माझी अक्षरं भिऊन लहान झाली. नऊ जगं विझतात तेव्हा अकराव्याला कोणी विचारायलाच येत नाही, कारण हिरो लोकांना ते माहीतच नाही, असं मी लिहिलं. तांडा निघतो आणि विझलेल्या जगांतून उरलेसुरले लोक बैलांवर बसवून आणतो. नायकाच्या जागी त्याची बायको पुढे चालते. बैलांच्या कानात ती बोलते, आणि बैल तिचं जास्त ऐकतात.

रविवारी नात आली. चष्मा लावलेली, शांत, पायातल्या चपला शेडच्या बाहेर नीट जोडून ठेवणारी. तिने आधी छापील अंक मागितला. मी दिला. ती पोत्याला टेकून वाचत बसली आणि आम्ही सगळे परीक्षेचा निकाल लागायचा असल्यासारखे तिच्या तोंडाकडे बघत बसलो. वाचून झाल्यावर ती म्हणाली, "शेवट चांगला आहे."

मी म्हणालो, "चांगला? टेबल पुसतो नुसता."

"कोणीतरी पुसलंच पाहिजे ना, काका. अख्ख्या अंकात पहिल्यांदा कोणी काम करताना दिसला." मग आजीकडे वळून हळू म्हणाली, "आजी, पण यात तांडा कुठं न्हाई."

बायकांचे हात थांबले. मावशीने पदराला हात पुसले.

"न्हाई," ती म्हणाली. "पुस्तकात दहाच जगं हायेत. म्या तुला चुकीचं सांगितलं. अकरावं म्या न गुरुजींनी केलं, या शेडमधी. मला वाटलं होतं छापलंय. छापलेलं न्हाई. ही वही हाये, ही वाच."

बाकीच्या बायकांना हे तेव्हा कळलं. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं तिचं वर्णन मी करणार नाही; मला या गावात अजून बारा वर्षं नोकरी करायची आहे. एकीने एवढंच विचारलं, "मंग ते तीन डोक्यांचं राक्षस बी तुमचंच का?" मी म्हणालो, एक डोकं पुस्तकाचं, दोन माझी.

नातीने वही उघडली आणि वाचायला लागली. छान वाचत होती, माझ्यापेक्षा संथ. मी वहीत सुरुवातीला मागची हकिगत दोन-चार ओळींत दिली होती. त्यात एक ओळ होती: 'दार पडलं आणि नायक गेला.' ती वाचून पुढे गेली तशी मावशी म्हणाली, "थांब."

मग मला म्हणाली, "इतकंच लिहिलं?"

"तुम्ही म्हणालात मारू नका, म्हणून मी ते थोडक्यात..."

"मारू नका म्हणलं. झाकून ठेवा न्हाई म्हणलं." ती नातीकडे सरकली. "पेन हाये का तुह्याजवळ? त्याच्या खाली लिही. तो कसा गेला ते मी सांगते."

आणि ती सांगायला लागली. पहाटेची वेळ, दाराची चौकट दगडाची, पाठीला लागलेला तिचा गारवा. नायकाने आधी तंबाखूची चंची काढून बायकोच्या हाती दिली, म्हणाला, ही धर, येतो. माझ्या गोष्टीत चंची नव्हती. मग बैल निघाले. माझ्या गोष्टीत ते भराभर निघून जायचे. इथे एकेक निघत होता, आणि प्रत्येकाला नाव होतं, आणि प्रत्येकाच्या नावाला तो मागून हाक देत होता. हाक बारीक होत गेली. मावशी मध्ये एकदा पाणी प्यायला थांबली, आणि बायकांपैकी कोणीही लग्नाचं काही काढलं नाही. मी दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा वहिनीने माझ्यापुढे निवडायला हळदीची पाटी सरकवली.

नात लिहीत होती. मध्येच मान वर करून तिने विचारलं, "आजी, बैल किती होते समदे?"

मी माझ्या वेळेला चाळीस सांगितले होते. चाळीससुद्धा मला तेव्हा जरा जास्त वाटले होते.

"लिही," मावशी म्हणाली, "सातशे."

मी मान खाली घालून गट्टू वेगळे काढत राहिलो. अजून पहिल्याच काही बैलांची नावं चालली होती.